अर्नाळ्याला नुसती बसले होते

३ नोव्हें., रवि. विरार. भाऊबीज.

ओवाळून झालं, दादाने ताटात साडी ठेवली आणि त्याच दमात म्हणाला, "घराला गिऱ्हाईक आलंय." वर्ध्याचं घर. ह्यांचं नि माझं, आता नुसतं माझं. हे जाऊन सव्वा वर्ष झालं आणि तेव्हापासून दादाचं एकच पालुपद: एकटी बाई, मूलबाळ नाही, रात्रीबेरात्री काही झालं तर कोण धावणार? इकडे ये, एक खोली तुझीच समज. खोली खरंच छान आहे. वहिनीने पडदेसुद्धा लावलेत, मला आवडतो तो मोरपंखी रंग शोधून. त्यामुळेच तर नाही म्हणवत नाही. भांडकुदळ भाऊ-भावजय असते तर किती सोपं झालं असतं!

शेवटी मीच अट घातली. आठवडाभर मला कुठेतरी एकटीला राहू दे, एकटीला फिरू दे. जमलं तर घर विकायचं नाही. नाही जमलं तर मुकाट्याने तुझ्याकडे येते. वहिनीने तोंडावर हात ठेवला. दादा, "एकटी म्हणजे? हॉटेलात?" मग मोबाइलवर निर्मळचं घर दाखवलं. वाडीतलं घर, एक खोली पाहुण्यांना देतात, मालकीणबाई तिथेच राहतात, इथून रिक्षाने अर्धा-पाऊण तास. जवळ आहे म्हणून तयार झाला. दिवसातून तीनदा फोन, अंधाराच्या आत घरी, मालकीणबाईकडे त्याचा नंबर. गिऱ्हाइकाला पुढच्या सोमवारी कळवायचंय.

अठ्ठेचाळीस वर्षांची घोडी मी, आणि सहलीला निघालेल्या पाचवीतल्या पोरीसारखी झोप लागत नाहीये.

४ नोव्हें., सोम. निर्मळ.

पोचले. वहिनीने पिशवीत काय काय कोंबलंय: मिरचीचा फवारा, शिट्टी, दाराला आतून अडकवायची साखळी. शिट्टी चालते का म्हणून वाजवली, तर वाडीतली झाडून सगळी कुत्री येऊन उभी राहिली. मालकीणबाई धावत आल्या. अशी ओळख झाली.

उज्ज्वलाताई. माझ्याच वयाच्या. नवरा बँकेत, संध्याकाळी येतो. वाडी ह्या बघतात, केळी, अबोली, सोनचाफा. घरात आपापसांत बोलतात ती बोली अर्धीमुर्धी कळते, माझ्याशी शाळेतल्यासारखं बोलतात. त्यांच्या सूचना: "खोलीची कडी लावा, घाबरून नाही, मांजर येतं. रस्त्यात कुणी विचारलं कुणाकडे आलात, तर आमचं नाव सांगायचं. आणि कुणी मागे लागलाच तर पहिलं उघडं दार दिसेल तिथे शिरायचं आणि मावशी म्हणून हाक मारायची. मावशी कोणीतरी निघतेच."

केळीचा घड एवढा मोठा असतो? एका घडाला टेकू द्यायला दोन बांबू. खाली उभी राहून बघत बसले. उज्ज्वलाताईंना वाटलं केळं हवंय, चार आणून दिली.

५ नोव्हें., मंगळ.

सकाळी तळं, देऊळ. पायऱ्यांवर बसले. तीन जणांनी विचारलं, "कुणाकडे?" नाव सांगितलं की चेहरे लगेच सैल. प्रचाराची रिक्षा ओरडत गेली तेवढीच, बाकी शांतता इतकी की पाण्यात पान पडलेलं ऐकू येतं. देवळं मी काय थोडी पाहिलीत? पण नेहमी कोणाच्या तरी मागून, चला चला, उशीर होतोय. आज कोणीच चला म्हणालं नाही. बावचळल्यासारखं झालं. मग सवय झाली. सवय व्हायला साधारण एक चहा पुरतो.

दादा फो. ३. वहिनी १. "जेवलीस का" धरून.

६ नोव्हें., बुध.

सायकल चालवली! उज्ज्वलाताईंची जुनी, लेकीच्या कॉलेजची. कॉलेजनंतर मी पहिल्यांदाच बसले. केळीच्या वाडीत दोनदा आपटले, मग जमलं. शेजारच्या गास गावापर्यंत गेले. कापलेलं भात शेतात आडवं पडलेलं आणि त्यात बगळे, एवढे की आधी वाटलं कोणी कपडे वाळत घातलेत. थांबले. सगळे एकदम उडाले. मी मोठ्याने "अगं बाई!" म्हटलं. ऐकायला कोणी नव्हतं. नव्हतं तेच बरं, पुन्हा म्हटलं.

परतताना मोटारसायकलवर दोघं. "मॅडम, कहाँ से? अकेली?" पुढे जायचे, थांबायचे, मी गेले की पुन्हा मागून. फवारा पिशवीच्या तळाशी, शिट्टी खोलीवर. पहिलं उघडं दार दिसलं तिथे सायकल सरळ आत घातली आणि ओरडले, "मावशी!" आतून एक पंचविशीची मुलगी आली, कडेवर बाळ. तिने माझ्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, आणि चढ्या आवाजात म्हणाली, "किती उशीर! ये आत, बाबा वाट बघतायत." गेले ते दोघं. मग पाणी दिलं, हसत म्हणाली, "मावशी कोणाला म्हणताय?" बाबा वगैरे कोणी घरात नव्हतेच.

दादाला सांगितलं नाही. भीती वाटली, खोटं कशाला लिहू. पण रात्री आडवी झाल्यावर डोळ्यांपुढे आले ते बगळेच.

७ नोव्हें., गुरु.

सायकलीमुळे अंग ठणकतंय. दिवसभर झोपाळा. दुपारी उज्ज्वलाताईंबरोबर अबोलीचे वळेसर, म्हणजे आपले गजरे, केले. माझे वेडेवाकडे. त्यांनी ते उसवून पुन्हा केले. उद्या अर्नाळा. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिलाय, लग्नानंतर मुंबईला, बसच्या खिडकीतून, तोही ह्यांच्या डोक्याच्या पलीकडे.

८ नोव्हें., शुक्र.

पेन धरवत नाही, बोटांना बोंबलाचे दात लागलेत. तरी लिहिते. आजचं आजच लिहायला हवं.

दुपारी रिक्षाने अर्नाळ्याला. भेळ, उंट, पोरंटोरं होती ती बाजू सोडून कोळ्यांच्या घरांकडे चालत गेले. बांबूंना आडव्या दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर बोंबील, नजर पोचेल तिथवर, घरचं कार्य असल्यासारखे. वासाने आधी मागे सरकले. मी माळकरी घरातली, अंड्यालाही हात न लावलेली. मग त्या बोंबलांच्या मांडवाच्या पलीकडे पोचले आणि वास विसरले.

कसं लिहू? वर्ध्यात कुठेही बघा, मध्ये काहीतरी येतंच, टेकडी, झाड, निदान कोणाची तरी भिंत. इथे काही येतच नाही. पाण्यात किल्ला उभा, त्याच्या मागे पुन्हा पाणी, आणि मग सगळं संपतं तिथेही पाणीच. एवढं मोठं काही माझ्यापासून तीन हातांवर आहे आणि मला कोणी तिकीट विचारत नाही. चपला काढल्या, शेजारी पर्स, पर्सवर मोबाइल, घड्याळ, चष्मा. भिजायला नकोत म्हणून सगळं वर कोरड्या रेतीत, देवळाबाहेर ठेवतो तसं ओळीने. आणि पाण्याच्या कडेला बसले.

पाणी पावलांना लागलं. मग गुडघ्यांना. भरती येतेय हे मला काय कळणार? समुद्र असाच असतो असं वाटलं. साडी भिजली. रडू आलं. दुःखाचं नव्हतं, खरंच नव्हतं. हे गेल्यापासून पहिल्यांदा मला कुठेही जायचं नव्हतं, कोणाला काही सांगायचं नव्हतं, आणि छातीवरचा तो दगड शोधला तरी सापडेना. बसूनच राहिले. पाणी मांडीपर्यंत.

तेवढ्यात शेजारी कोणीतरी धपकन बसलं. "सरक गो बाय." साठी उलटलेली कोळीण, भल्यामोठ्या टोपात बोंबील. दुसऱ्या बाजूला एक तरुण बाई. मग मागे अजून एक. कोणी काही बोलेना. मला वाटलं इथली बसायची रीतच असेल. मोठीने माझं मनगट धरलं, "पानी वर आला. चल, तिकडं बसू." ते मनगट तिने नंतर तासभर सोडलं नाही, बोंबील धरायला सोडलं तेवढंच.

"धर ह्यो," म्हणाली. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. मी! माळकऱ्याची सून! पहिल्याला हात लावताना डोळे मिटले. दात सुईसारखे. दहाव्या जोडीला जमायला लागलं. तिचं नाव हिराबाय. तरुण ती तिची सून, जयू.

हिराबाय, "घरा कोन कोन हाय?"
"कोणी नाही."
"नवरा?"
"गेले."
"पोरंबालं?"
"नाहीत."
"भाव तरी?"
"आहे की, विरारला. स्वतःच्या घरात खोली देतोय मला."
सगळ्यांचे हात थांबले. "भांडलास त्याच्याशी?"
"छे हो."
"मंग काय झाला गो?"
"काहीच नाही. नुसती बसले होते."

यावर तिघींनी एकमेकींकडे असं बघितलं! मग घरी नेलं. कोरडं लुगडं दिलं, चहा दिला, तांदळाची भाकरी आणि सुकट पुढे ठेवली. सुकट मी खात नाही म्हटलं. जयू सासूला हळूच, "आय, जेवत पन नाय." शेवटी भाकरी चहात बुडवून खाल्ली, तेव्हा कुठे दोघींना बरं वाटलं. रिक्षा करून द्या म्हटलं तर जयू स्वतः शेजारी बसून निर्मळपर्यंत आली! पाठीवर हात, सबंध वाटभर. कोण कुठली मी. पाहुणचार म्हणावा तर असा. ऊर भरून आलं.

जयू फाटकाशी उज्ज्वलाताईंशी बराच वेळ बोलत होती. ओळखीच्या असतील. उज्ज्वलाताई आज माझ्याच खोलीत गादी घालतायत. गप्पा मारायच्या म्हणे.

९ नोव्हें., शनि.

पाहुणचार कसला डोंबलाचा!

सकाळी उज्ज्वलाताईंनी चहा दिला, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "काही असेल मनात तर बोला. असं जीव द्यायचं मनात आणू नये." मला कळेचना. मग जयूने काल फाटकाशी सांगितलेलं सगळं त्यांनी सांगितलं. चपला, पर्स, चष्मा ओळीने ठेवून कोणी बाई पाण्यात बसली, आणि भरती आली तरी उठली नाही, की त्या बायका हातातलं काम घेऊन तिच्याजवळ जाऊन बसतात. आणि मी! कोणी नाही, नवरा गेला, मूल नाही, जेवत नाही, आणि काय झालं विचारलं तर काही नाही!

इतकी हसले की चहा सांडला. उज्ज्वलाताई हसेनात. म्हणाल्या, "मी काल रात्रीच तुमच्या दादांना फोन केला." हसू गेलं. तो रात्रीच निघाला होता, यांनीच थांबवलं, एक दिवस मी बघते म्हणाल्या; उद्या येतोय. मला रात्री फोनसुद्धा केला नाही त्याने. पहिल्यांदा.

संतापले. पाच दिवस सगळं नीट जमलं. सायकल, बगळे, ते दोघं मोटारसायकलवाले, सगळं निभावलं. आणि अडकले कशात, तर आयुष्यात एकदा सुखाने बसले त्यात!

दुपारी तडक अर्नाळ्याला, हिराबायकडेच जातेय असं उज्ज्वलाताईंना शपथेवर सांगून. हिराबाय मांडवाखाली. सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"चष्मा काडून ठेवते ती परत घ्याला येत नाय. आमी बगलाय."
"पण विचारायचं ना मला सरळ."
"इचाराचा नाय. इचारला का उठून जाते. बसाचा, आनि हाताला काम द्याचा. हात चालू झाला का मानूस हलूहलू येतो परत." तिच्या सासूने तिला शिकवलं, तिने जयूला.
"किती जणींपाशी बसलात असं?"
"मोजते कोन?"

ही बाई बोंबील वाळवते आणि किनाऱ्यावर लक्ष ठेवते. कोणी नेमलेलं नाही. काल मी समुद्राकडे बघून थक्क झाले होते, आणि माझ्या पाठीमागे हे चाललं होतं.

"मंग तू कशाला बसलेलास?"
"बरं वाटत होतं म्हणून."
"बरा वाटला म्हनून एवढा रडते कोन?"
"मी."
हातातली जोडी दोरीवर टाकली. मग म्हणाली, "तुजा आपला अजबच हाय बाय. बस मंग, कदी पन बस. पन चपला पायात ठेव. आमाला कामं हायेत."

१० नोव्हें., रवि.

दादा आठलाच आला. डोळे सुजलेले. ओरडेल म्हणून मी तयारी करून बसले होते. ओरडला असता तर बरं. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "परक्या बायकांना एका मिनिटात दिसलं. मी सख्खा भाऊ. मी तुला साडी देत होतो."

समजावलं. तसं नव्हतं, त्यांची चूक झाली, मी आनंदात होते. आनंदात हा शब्द उच्चारल्यावर मलाच तो खोटा वाटायला लागला. दादा म्हणाला, "नुसती बसले होते म्हणतेस. भावजी गेल्यावर पण तू नुसतीच बसायचीस. खिडकीपाशी. दिवसच्या दिवस. मी बघितलंय." बघितलंय त्याने. चार महिने येऊन-जाऊन त्यानेच मला घास भरवलेत.

मग सुचलं ते बोलले. "तेव्हा मला उठायला बळ नव्हतं, दादा. परवा मला उठायचंच नव्हतं." त्याने मान हलवली, पण पटलं म्हणून की दमला म्हणून, कळलं नाही. बॅग भर म्हणाला. म्हटलं भरते, पण आधी माझ्याबरोबर अर्नाळ्याला चल. दिवस अजून संपला नाही, आठवडा आजच्या रात्रीपर्यंत आहे.

दुपार कलल्यावर त्याच्या स्कूटरवर मागे बसून गेले. अठरा वर्षं विरारला राहतो, इथे म्हणे एकदाच आलाय, ऑफिसची सहल होती तेव्हा. हिराबाय बाजाराला गेलेली. जयू होती. दादाने तिला हात जोडले. ती एवढी लाजली की काय करावं सुचेना, आणि बोंबलांचा टोप उचलून त्याच्याच हातात दिला. "धरा जरा." माझा भाऊ, इस्त्रीच्या शर्टात, टोप घेऊन उभा!

त्याला म्हटलं, तू इथेच थांब. मी तिथे बसणार आहे. येऊ नकोस.

"पाण्यात?"
"कडेला."
"किती वेळ?"
"माहीत नाही."

चपला पायातच ठेवून गेले. पाणी अजून लांब होतं, ओल्या रेतीवर आभाळ पडलेलं. पाठीत त्याची नजर टोचत होती. पहिली काही मिनिटं मी समुद्र बघतच नव्हते, बघण्याचं नाटक करत होते, नीट बसलेली, ताठ, बघा मी कशी मजेत आहे. मग एक होडी किल्ल्याकडून निघाली. माणसांनी भरलेली, त्यात एक बाई उभी, डोक्यावर पाटी. होडी हलतेय, ती हलत नाही. तिच्याकडे बघता बघता नाटक कधी सुटलं कळलं नाही. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा ते सगळं पाणी एकदम, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तांबडं झालं, माझ्या पायाखालची रेतीसुद्धा. तोंडून "अगं बाई" निघालं. आणि पुन्हा रडू. तेवढं मात्र दादाने बघायला नको होतं. वळले नाही. पाठीमागून पावलं येतील म्हणून वाट बघत राहिले. आली नाहीत. अंधारायला लागल्यावर मीच उठले. दादा त्याच जागी होता. बोटं फडक्यात गुंडाळलेली, एकातून रक्त. दोरीवर त्याच्या हातच्या सहा-सात जोड्या, सगळ्या वेड्यावाकड्या.

निर्मळला आल्यावर गिऱ्हाइकाची आठवण मीच काढली. "उद्या फोन करायचाय ना त्यांना?" तो म्हणाला, "हं." मी करतो म्हणाला नाही, तू कर म्हणाला नाही.

हे खोलीत बसून लिहितेय. बॅग अर्धी भरलेली. दादा बाहेर ओट्यावर आहे. वहिनीचा फोन येऊन गेला, येतो म्हणाला, पण उठत नाहीये. मला चलही म्हणत नाहीये. काहीच विचारत नाहीये. मला अजून तसलीच समजून राखण करतोय, की त्यालाही बसावंसं वाटलंय, काही कळायला मार्ग नाही. दिवा लावू का विचारलं तर नको म्हणाला. आवाज बसलेला.

मघापासून दारातून त्याची पाठ दिसतेय. दादाची पाठ मी इतका वेळ कधी बघितलीच नव्हती. केवढा थकलाय.

उज्ज्वलाताईंच्या अबोलीची टोपली अजून तशीच पडलीय. ती घेऊन बाहेर जाते. विचारणार काही नाही. त्याच्या हाताला काहीतरी द्यायला हवं.